दिवाळीनंतरची शाळा

कारखान्यात मी उभं आयुष्य काढलं, पण सांगण्यासारखे किस्से तिथे फार घडले नाहीत. मशीन चालू असलं की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही. वर्गात तसं नसतं. तिथे पुस्तकंही उघडी आणि तोंडंही. एका वर्षात एवढं साठलं की रोज जेवताना मी बायकोला काहीतरी सांगायचो. शेवटी ती म्हणाली, "मला नका सांगू, लिहून काढा. आता येतं ना लिहायला!"

म्हणून लिहितो.

मी सातवी पास. तारापूरकडचा, बागायतदाराच्या घरातला. एमआयडीसीत फिटर होतो, निवृत्त झालो. घरी बसल्यावर दिवसभर सुनेला, नातवंडांना, दूधवाल्याला शिस्त लावत असे. शेजारची मानसी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मोठ्या माणसांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. माझी बायको तिला म्हणाली, "आधी यांना घेऊन जा. फी घे वाटलं तर दुप्पट!"

मी गेलो. कोणी पाठवलं म्हणून नव्हे. मला जायचं होतं म्हणून.

*

वर्ग कुंभवलीच्या बाजूला, शाळेच्या एका खोलीत. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे शुक्रवारी पाचला मुलांची शाळा सुटली की आमची भरायची.

पहिल्या दिवशी मी दारात गेलो आणि मानसी सवयीने उठून उभी राहिली. "या ना आप्पा, बसा."

मी म्हटलं, "बाई उभ्या राहत नाहीत. आम्ही उभं राहायचं!"

माझा आवाज तसा मोठा आहे. आत जेवढी माणसं बसली होती तेवढी ताडकन उभी राहिली. बाईही उभ्याच. कोणी बसेना. एक कोळीण मात्र अर्धीच उठली होती. बाक पहिलीच्या मुलांचा, आणि ती त्यात अडकली होती.

ती ओरडली, "आप्पा, उभं ऱ्हायला सांगताय, पण मी निघू कशी? बाक पण उभा ऱ्हातोय माझ्याबरोबर!"

ही हिराबाई. नवापूरची. बोईसरच्या बाजारात मासे विकते. दोघांनी बाक धरला, तेव्हा ती सुटली. त्या दिवसापासून आम्ही सगळे जमिनीवर सतरंजीवर बसू लागलो. तरी एकमेकांची ओळख सांगताना 'बाकावरचा', 'बाकावरची' असंच म्हणायची सवय लागली.

*

बाईंनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय?

हिराबाई म्हणाली, "माझी सून बी.कॉम. हाय. फोनवर बहिणीशी बोलताना मी आली का इंग्रजीत सुरू होते. मला कळलं पायजे, काय बोलते ती!"

मी म्हटलं, "सातवीनंतर आठवी असते. ती राहिली आहे."

तिसरा लक्ष्मण. डोंगराकडचा वारली. चाळिशीचा. सरावलीत खोली घेऊन राहतो. केमिकलच्या कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर. ठेकेदार मधूनमधून ब्रेक देतो, म्हणजे काही दिवस कामावरून काढतो. ब्रेक मिळाला की नवराबायको मिळेल त्या मजुरीला जातात. मुलगी लांब आश्रमशाळेत, कारण आईबापांचा पत्ता कधी कुठला असेल, सांगता येत नाही.

त्याच्या प्लांटवरचे ऑपरेटर मिश्राजी पावसाळ्यात निवृत्त होणार होते. मॅनेजर लक्ष्मणला म्हणाला होता, "काम तुला येतं. दहावी पासचा कागद आण. मिश्राजींच्या जागी कायम करतो. नाही आणलास तर बाहेरचा मुलगा घ्यावा लागेल. माझ्या हातात नाही."

लक्ष्मणने हे सगळं सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "पोरीला घरी आणायची हाय."

बाकीचं मी काढून घेतलं.

*

हिराबाई दुपारचा बाजार आटोपून सरळ वर्गात यायची. टोपली दाराबाहेर ठेवायची. त्यात काही ना काही उरलेलं असायचंच. एका शुक्रवारी बीजगणित चाललं होतं. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. मागे वळून बघतात तो दारात मांजरं. एक, मग आणखी, मग खिडकीतही. सगळी फळ्याकडे तोंड करून शांत बसलेली!

लक्ष्मण वर्गात फारसा बोलत नसे. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "बाई, आज हजेरी चांगली हाय."

हिराबाईने पायातली चप्पल काढली. मांजरं गेली. बाईंना मात्र पुढचा पाव तास हसू आवरेना. बीजगणित तिथेच राहिलं.

*

एकदा मी गृहपाठ केला नव्हता. बाईंनी विचारलं, "आप्पा, गृहपाठ?"

"पाहुणे आले होते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाईंच्याही ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "उभे राहा."

मी उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनाच कसंतरी झालं. लहानपणी आमच्या वाडीतले चिकू पाडताना जिला मी ओरडलो होतो, ती ही पोर. म्हणाल्या, "बसा हो आप्पा, गुडघे दुखतील."

मी म्हटलं, "शिक्षा अर्धी सोडायची नाही. तुम्ही शिकवा."

तास संपेपर्यंत उभा होतो. घरी गेल्यावर बायकोने गुडघ्यांना तेल लावलं आणि विचारलं, "आज कोणता विषय होता? व्यायाम?"

*

हिराबाईचं इंग्रजी हा वेगळाच विषय. तोंडी परीक्षेची तयारी चालली होती. बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय काम करता?

"फिश," हिराबाई म्हणाली.

"मावशी, पूर्ण वाक्यात सांगायचं."

हिराबाईने विचार केला. पदर खोचला. "फिश. फ्रेश. मॉर्निंग बोट. हात नो लावणे. भाव नो कमी!"

"मावशी, हे वाक्य नाही झालं."

"कसं नाय? कॉलनीतल्या मॅडम येतात, एवढं बोललं का गप पैसे काढतात!"

बाईंनी तिला फळ्यावर लिहून दाखवलं, 'आय सेल फिश.' हिराबाईने ते वाचलं आणि नाक मुरडलं. "एवढंच? यात ताजं हाय का शिळं, ते कुठं हाय?"

*

दिवाळीच्या आधीच्या एका शुक्रवारी लाईट गेली. फळा दिसेना. बाई म्हणाल्या, "चला, आज प्रत्येकाने आपापली शाळा सांगा. लहानपणची."

मी सांगितलं. शाळेत जायच्या आधी मला वाडीत केळींना पाणी सोडावं लागे. शाळेत पोचायचो तो पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. गुरुजी दारातच म्हणत, "पाय धुऊन ये." विहीर देवळाच्या पलीकडे. जाऊन, पाणी काढून, पाय धुऊन येईपर्यंत पहिला तास संपलेला असे. सातवीपर्यंत असंच. सातवीनंतर वडिलांची पाठ दुखावली, वाडी माझ्याकडे आली. माझी तक्रार नाही. फक्त शाळेचा पहिला तास कसा असतो, ते मला ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, "पहिला तास गणिताचा असायचा का?"

"वाटतं तसं."

"तरीच!"

हिराबाई म्हणाली, "आमची शाळा दर्याच्या काठी. होडी लागली का आया खिडकीशी येऊन हाका मारायच्या. मग आमी पोरी पाटी टाकून पळायचो टोपल्या उचलायला. मास्तर ओरडत मागं धावायचे, थांबा, थांबा!"

"मग थांबायचात का?"

"आमी कशाला थांबतोय? मास्तरच आमच्याबरोबर होडीपर्यंत पोचायचे. पिशवी असायची त्यांच्या खिशात!"

मग लक्ष्मणची पाळी आली. तो म्हणाला, "माझी शाळा दिवाळीपर्यंत."

कोणाला कळलं नाही. त्याने सांगितलं. भातकापणी झाली, दिवाळी झाली, की आईबाप बोचकं बांधायचे आणि सगळे वीटभट्टीवर. परत यायचे ते पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये नवीन इयत्ता, नवीन पुस्तक. गुरुजी भले होते, वर ढकलत होते. ते पुस्तक निम्म्यावर आलं की परत दिवाळी.

"दर वर्षी?" बाईंनी विचारलं.

"दर वर्षी. पुस्तकाचा मागचा भाग कसला असतो, मी कधी बगितलाच नाय. सात इयत्ता झाल्या, पण सगळ्या अर्ध्या."

अंधारात हिराबाई बोटांवर हिशेब करत होती. म्हणाली, "सात अर्ध्या म्हणजे साडेतीन! अरे, आप्पा तुझ्या दुप्पट शिकलेत की!"

सगळ्यात आधी लक्ष्मणच हसला.

*

दिवाळी झाली. पहिल्या शुक्रवारी लक्ष्मण आला नाही. दुसऱ्याही नाही. बाईंनी फोन केला, उचलला नाही. मी स्कूटर काढून सरावलीला गेलो.

लक्ष्मण खोलीच्या दारात बसला होता. त्याची बायको म्हणाली, "पुस्तकं ट्रंकेत टाकलीत त्यांनी. खाली. वर गोधड्या."

मी विचारलं, "काय रे?"

तो हसत म्हणाला, "आप्पा, दिवाळी झाली का आमची शाळा सुटते."

मी हसलो नाही. मग त्याचंही हसू गेलं. म्हणाला, "अर्ध्यापर्यंत जमतं मला. पुढचं पान उघडलं का बाप दिसतो. बोचकं बांधताना. मग काय वाचलं ते डोक्यात जात नाय. पेपर तर पूर्ण पुस्तकाचा येणार. जाऊ द्या. मिश्राजींची जागा दुसऱ्याच्या नशिबात हाय."

"बाप कुठे आहे आता?"

"गावाला. म्हातारा झाला. कुठं जात नाय."

"मग बोचकं कोण बांधतंय?"

त्याने मागे वळून ट्रंकेकडे पाहिलं.

मी म्हटलं, "गोधड्या काढ. पुस्तकं काढ. शुक्रवारी पाचला हजर पाहिजेस. नाहीतर मी येतो आणि इथे दारात उभा राहून मोठ्याने वाचतो."

त्याची बायको लगेच उठली आणि गोधड्या काढायला लागली. माझा आवाज तिने ऐकला होता.

शुक्रवारी तो आला. मी बाईंना सगळं सांगितलं होतं. बाईंनी त्याचं पुस्तक हातात घेतलं, उलटं फिरवलं आणि शेवटचा धडा उघडला.

"आजपासून मागून सुरू करायचं. शेवटचा आधी, मग त्याच्या आधीचा."

तसंच शिकलो आम्ही. गणित, विज्ञान, सगळं शेवटापासून मध्यापर्यंत. जे धडे आधीच्या धड्यांवर अवलंबून होते ते बाईंना दोनदा शिकवावे लागले. त्यांनी शिकवले. त्या शुक्रवारी लक्ष्मणने पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

हिराबाईने हात वर केला. "बाई, पेपर पण उलटा येणार का? म्हणजे निकाल आधी?"

*

परीक्षेचं केंद्र बोईसरला होतं. पहिल्या पेपरला मी पांढरा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं, चष्मा पुसला. परीक्षा आहे, नीटनेटकं गेलं पाहिजे. दारातून आत गेलो, तशी सगळी मुलं खाडकन उभी राहिली. खिडकीजवळच्या एकाने खिशातून काहीतरी काढून बाहेर फेकलं. मग दुसऱ्याने. मग मागच्या रांगेतून चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस!

पर्यवेक्षक धावत आले. घाम फुटला होता त्यांना. "या साहेब, या! आमच्याकडे सगळं शिस्तीत आहे. भरारी पथक एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "माझा नंबर कुठल्या बाकावर?"

त्यांचा विश्वास बसेना. हॉल तिकीट पाहिलं, फोटो पाहिला, मला पाहिलं. मी जाऊन बसलो. माझ्या पुढचा मुलगा तीन तास माझ्याकडे रागाने वळून बघत होता. त्याच्या चिठ्ठ्या माझ्यामुळे गेल्या.

शेवटच्या पेपरलाही ते पर्यवेक्षक माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "आता तरी सांगा साहेब. कोणत्या खात्याकडून?"

*

गणिताच्या दिवशी लक्ष्मणची रात्रपाळी होती. सकाळी सुटणार, मग पेपर. मी त्याला न्यायला कारखान्याच्या गेटवर स्कूटर लावून उभा होतो. पाळी सुटली. लोक बाहेर आले. लक्ष्मण नाही.

वॉचमन म्हणाला, "उसका रिलीवर नहीं आया."

प्लांट चालू. हेल्परशिवाय ऑपरेटर एकटा पडतो, बदलीचा माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नाही. ठेकेदाराचा फोन बंद. मी वॉचमनला म्हटलं, आत निरोप दे. त्याने दिला. पेपरची वेळ जवळ येत होती, त्याच्या आणि माझ्याही. मी घड्याळाकडे बघणं बंद केलं.

तेवढ्यात मिश्राजी कागदांची पिशवी हातात घेऊन येताना दिसले. ते निवृत्तीच्या आधीची शिल्लक रजा घेत होते, पगाराच्या कामासाठी ऑफिसात आले होते. मी त्यांना ओळखत होतो. दोन वाक्यांत सांगितलं. ते ऑफिसकडे न जाता सरळ प्लांटकडे गेले.

पुढचं लक्ष्मणने स्कूटरवर मागे बसून मला सांगितलं. मिश्राजींनी शिफ्ट इन्चार्जला विचारलं, हेल्मेट घातलं, हेल्परच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "जा रे. मेरी कुर्सी पे बैठना है ना तुझे? तो आज मैं तेरे स्टूल पे बैठता हूँ. पेपर छोड़ के आया, तो याद रख, रिटायर ही नहीं होऊँगा!"

लक्ष्मण कंपनीच्या गणवेशातच पेपरला बसला. घंटा आणि तो, दोघं एकदमच वर्गात गेले; त्यांच्या मागे मी.

*

मे महिन्यात निकाल लागला. दुपारी एकला बाईंच्या मोबाईलवर. बाईंनी नंबर टाकले, फोन मी धरला.

माझं गणित राहिलं. जुलैत पुन्हा बसलो आणि काढलं. त्याबद्दल एवढंच.

हिराबाई इंग्रजीत गेली. बाकी सगळ्यात पास.

लक्ष्मण सगळ्यात पास. गणितात काठावर, पण अलीकडच्या नव्हे, पलीकडच्या. तो बाईंच्या पाया पडायला वाकला. त्या मागे सरकल्या, म्हणाल्या, "दादा, काहीतरीच काय! आधी कंपनीत जा."

तो गेला. आम्ही वाट पाहत बसलो. बाईंनी चहा केला, तो तसाच निवला. चारच्या सुमारास त्याचा फोन आला. मी उचलला.

"आप्पा, मॅनेजरसाहेब म्हणाले, पावसाळ्यापासून ऑपरेटर. कायम."

"ठीक," मी म्हटलं. "पोरीला कधी आणतोस?"

"उद्याच जातो सांगायला. सुट्टीची आजाकडं गावाला हाय ती."

हिराबाईला कळवायचं राहिलं होतं. बाजाराच्या वेळेला ती फोन घेत नाही. मी बोईसरच्या बाजारात गेलो. मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस राहिलेले, त्यामुळे मासळीला सोन्याचा भाव. हिराबाई एका बाईशी पापलेटवरून भांडत होती.

"नाय म्हणजे नाय! याच्या खाली एक पैसा नाय! परवडत असंल तर घ्या, नायतर ती बघा, बोंबीलवाली तिकडं बसलीय!"

मी टोपल्यांच्या अलीकडूनच ओरडलो, "हिराबाई! निकाल लागला!"

तिने सुरा खाली ठेवला. "लक्ष्मण?"

"पास. आणि कायम पण झाला."

हिराबाईने पदर खोचला. मग ज्या पापलेटवरून भांडण चाललं होतं ते उचललं आणि त्या बाईच्या पिशवीत टाकलं. वर एक मोठं टाकलं. पैसे पुढे आले ते ढकलून दिले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांदेली बघत उभे होते. त्यांच्या पिशवीत अख्खा वाटा ओतला.

ती बाई गोंधळली. "अहो मावशी, हे काय? पैसे घ्या ना! मुलगा पास झाला वाटतं तुमचा?"

"मुलगा कसला! माझ्या बाकावरचा हाय तो!"

"म्हणजे? तुम्हीपण दहावीला बसला होतात?"

"मग!"

"अगं बाई! आणि तुमचा काय निकाल?"

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान आडवी हलवली.

"मी? मी नापास!" तिने अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि आणखी एक पापलेट त्या बाईच्या पिशवीत टाकलं.